वाचले, हरकत नाही

लालबागच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात नवीन पुस्तक आलं की ते लगेच कुणाला मिळत नसे. आधी कमिटीतल्या एकानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, पहिल्या पानावर ‘वाचले, हरकत नाही’ असं लिहून सही करायची, मग मी त्याला नंबर द्यायचा आणि मगच ते कपाटात. हा नियम माझाच. दिवसा मी गिरणीच्या कचेरीत कारकून आणि संध्याकाळी ग्रंथपाल होतो. नियम करण्यापलीकडे मला दुसरा षौक नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना कुणा दानशूर गृहस्थानं आम्हाला पेटीभर पुस्तकं पाठवली. कथा-कादंबरी एकही नाही, सगळी माहितीची. मधमाश्या कशा पाळाव्यात, विहीर कुठे खणावी, उसावरचे रोग, सापाचं विष. आमच्या चाळीत बादली ठेवण्याच्या जागेवरून भांडणं होत, तिथे मधमाश्या कुठे ठेवायच्या ते काही पुस्तकात नव्हतं. मी फळ्यावर ‘नवीन दाखल’ म्हणून यादी लिहिली आणि खाली ‘वाचन चालू आहे’ असंही लिहिलं. ते खोटं होतं. कमिटीचे पाचही जण त्याच आठवड्यात सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. मी गेलो नाही, कारण वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. निदान मी तसं सांगत असे.

दुसऱ्याच दिवशी घोडपदेवहून एक बाई आली. इस्पितळात आया होती. यादीतल्या सुईणकामाच्या पुस्तकावर तिनं बोट ठेवलं.

“दीड महिन्यानं परीक्षा हाय, भाऊ. पास झाले तर मिडवाइफच्या कोर्साला घेतील. नाय तर जन्मभर बेडपॅन धुवायचेत.”

“कमिटीनं अजून वाचलं नाही.”

“कमिटी हाय कुठं?”

“तुरुंगात.”

“मग इथंच बसून वाचते.”

“नंबर पडल्याशिवाय हातात देता येत नाही.”

तिनं यादीवरचं बोट हलवलं नाही. “तुमच्या कमिटीतलं कोण बाळंत व्हायचंय?”

मला राग आला. मी देवघेवीची खिडकी लावून घेतली. घरी जेवण गेलं नाही. पुस्तक देऊन टाकावं असं वाटत होतं, पण नियमच मोडला तर त्या खुर्चीत बसून मी करणार काय, असंही वाटत होतं. शेवटी शहाण्या माणसाला सुचणार नाही ते केलं. भेटीच्या दिवशी पुस्तक घेऊन तुरुंगात गेलो.

दारावरच्या कारकुनानं ते उघडलं, एक चित्र बघितलं आणि घाईनं मिटलं.

“यात राज्यपुनर्रचनेबद्दल काही?”

“एक ओळ नाही.”

“मग सत्याग्रहींना कशाला?”

“सहीसाठी,” मी म्हणालो.

त्याला ते ताबडतोब पटलं. कारकुनाचं दुखणं कारकुनालाच कळतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आमचे अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर, सत्तरी गाठलेले, आणि लग्नाच्या वाटेला कधी गेलेले नव्हते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गजांपलीकडून ते म्हणाले, “वाचलं. पुस्तक उत्तम आहे. सही केली आहे. पण आता ते बाहेर येत नाही.”

आत गेलेलं पुस्तक तुरुंगाच्या ग्रंथालयात दाखल करून घ्यायचं, असा तिथला नियम होता. त्याला नंबरही पडला होता. दुसऱ्याच्या नियमावर मी जन्मात इतका चिडलो नव्हतो.

“परीक्षेला किती अवकाश?” गुरुजींनी विचारलं.

“महिनाही नाही.”

“पुढच्या भेटीला या.”

पुढच्या भेटीत माझ्या हाती दोन जाड वह्या आल्या. पाचांनी मिळून सबंध पुस्तक उतरवून काढलं होतं. कमिटीतला एकजण गिरणीत साडीच्या किनारींची डिझाइनं काढायचा. आकृत्या त्याच्या, आणि प्रत्येक बाळाभोवती त्यानं सवयीनं कोयऱ्यांची वेल काढली होती. पानापानावर तुरुंगाचा ‘तपासले’ असा शिक्का होता.

“मी मोठ्यानं वाचायचो, बाकीचे पाळीपाळीनं लिहायचे,” गुरुजी म्हणाले. “घोषणा आटोपल्या की सगळी बराक ऐकायला बसायची.” मग म्हणाले, “धाकट्या भावाच्या वेळी माझी आई गेली. का गेली ते मला आत्ता कळलं. दुसऱ्या वहीत आहे. वह्या आजच पोचवा.”

मी वह्या बगलेत मारल्या आणि निघालो. वाटेत एका ओट्यावर टेकून वह्यांना नंबर घातले आणि वर्गणीदारांच्या यादीतल्या पत्त्यावर तसाच घोडपदेवला गेलो. त्या बाईनं दारातच वही उघडली, पहिल्या पानावरच्या पाच सह्या बघितल्या आणि पदरानं हात पुसले.

निकालानंतर ती वह्या परत घेऊन आली. मुदत केव्हाच उलटून गेली होती, पण मी तोंड उघडलं नाही. पहिलं पान बघितलं. पाच सह्यांखाली सहावी होती. ‘वाचले. पास झाले.’

“इथे फक्त कमिटीनं सही करायची असते,” मी म्हणालो.

“मग खोडा,” ती म्हणाली.

मी टाक उचलला आणि खाली ठेवला. कमिटी सुटून आली त्या आठवड्यात पहिली सभा भरली. सही नियमात बसावी म्हणून मी तिला कमिटीवर घेण्याचा ठराव मांडला. गुरुजींनी उभं राहून अनुमोदन दिलं.