दाजींचा पंप

देवांच्या आधी पंपाला आंघोळ घालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आकुर्डीत त्यांचं घर, मागल्या अंगणात लहानशी विहीर आणि तिच्यावर हातानं चालवायचा लोखंडी पंप. पिंपरीला नवा कारखाना निघाला तेव्हा शेती धाकट्या भावावर सोपवून दाजी तिथं कामाला लागले आणि तिथल्या यंत्रांच्या संगतीत बिघडले, असं अक्का म्हणायची. रोज सकाळी ते फडक्यानं पंप पुसत, सांध्यांत तेल सोडत, वरून थोडं पाणी ओतत आणि ओतताना "पी बाबा, पी" म्हणत. आतला चामड्याचा वायसर त्यांनी एरंडेलात असा मुरवलेला असे, की अक्काचं लोणचंही त्याच्यापुढं कच्चं वाटावं. पाहुण्याला चहाच्या आधी विहिरीवर नेत आणि नळीला कान लावायला सांगत. मीही लावला.

"काय ऐकू आलं?"

"पाणी."

"पानी न्हवं, पावणं! श्वास हाय त्यो. कुठं अडतोय का बघा."

मला काही कळलं नाही, पण दाजींचा चेहरा नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा झाला होता. शेजारच्या काकूंनी एकदा दांडा जोरात आपटला, तर दाजी पुढचा सण येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

हे वेड लागलं ते अक्काच्या दम्यामुळं. रहाटावरून पोहरा ओढला की तिची छाती भरून यायची आणि ती विहिरीच्या काठावर नुसती बसून राहायची. पण घरचं पाणी दुसऱ्या कुणी भरलेलं तिला खपायचं नाही. एकदा ती झोपलेली पाहून दाजींनी गुपचूप हंडे भरून ठेवले. उठल्यावर तिनं ते सगळे पपईच्या बुडाशी रिकामे केले आणि धापा टाकत पुन्हा भरले. "मी असताना घरचं पाणी दुसऱ्यानं का भरावं?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून दाजींनी पंप आणला.

काही वर्षं बरी गेली. मग पंपाचा दांडाही तिला जड जाऊ लागला. ती बोलली नाही; दाजींना पंपाच्या आवाजावरूनच कळलं. त्यांनी लोहाराकडून दांड्याला हातभर नळी जोडून आणली. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो. पुढच्या वर्षी आणखी जोडली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. शेवटी त्या दांड्याचं टोक मागल्या दारापाशी आलं आणि गोठ्यात जायचं तर वाकून जावं लागे. गावातले लोक हसायचे. "दाजी, आणखी थोडा वाढवा की, आमी चिंचवडास्नं उपसतो!" दाजीही हसायचे आणि करंगळीनं दांडा हलवून बघायचे. अक्का दारात पाटावर बसून तो हलवी, पंपातून सुतासारखी धार पडे आणि समोर दाजी कामाला उशीर होतोय हे माहीत असून बसून राहात.

त्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मी पुण्याहून भेटायला गेलो तर दाजी हंडे भरत होते आणि अक्का आतून पाहत होती. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय बी बोलली न्हाई, पावणं. भांडली असती तर बरं झालं असतं."

ती भर दुपारी गेली. शेवटचे काही दिवस दाजी तिच्या उशाशीच बसून होते, घरात साठवलेल्या पाण्यावरच भागत होतं, पंपाला कुणी हात लावला नव्हता. आंघोळीसाठी बायकांनी पाणी मागितलं, कुणीतरी दांडा हलवला, तर नुसता कोरडा आवाज. वायसर सुकला होता. "शेजारच्या विहिरीवरनं आना," एक म्हातारा म्हणाला. दाजी उठले. "थांबा."

त्यांनी पंप खोलला, वायसर काढला आणि मांडी घालून अंगठ्यानं त्यात तेल मुरवत बसले. "आरं, वेळ काय, करतूस काय!" म्हातारा ओरडला. दाजींनी मान वर केली नाही. "तिला दुसऱ्याचं पानी चालायचं न्हाई," एवढंच म्हणाले. अख्खी आळी अंगणात ताटकळत उभी राहिली. पाणी आलं तेव्हा त्यांनी कुणाला दांड्याला हात लावू दिला नाही. सगळं पाणी एकट्यानं भरलं आणि मग त्या लांबलचक लोखंडावर डोकं टेकून मोठ्यानं रडले.

पुण्याला चला म्हणून मी पुष्कळ विनवलं. आले नाहीत. वर्षभरानं गेलो तर सकाळची वेळ होती. रांजण भरलेला, हंडे भरलेले, घंगाळ काठोकाठ, आणि दाजी अजून दांडा हलवतच होते.

"दाजी, एका माणसाला पाणी ते किती लागतं?"

ते थांबले. कारखान्यातल्या साहेबानं काहीतरी अवघड विचारावं तसा बराच वेळ विचार केला.

"दोन कळश्या लई झाल्या," म्हणाले, आणि रिकामी कळशी पंपाखाली ठेवली.