पिंगळ्यांच्या पेटीची दांडी

गल्लीत त्याला सगळे फिनिशिंगदादा म्हणत. धंद्याने सुतार. स्टुलाची खालची बाजू फक्त मांजराला दिसते, पण तो तीसुद्धा घासून गुळगुळीत करायचा. "अहो, उद्या देव समोर उभा राहिला तर त्यालाही रंधा माराल," असं बायको म्हणायची, आणि तो मनातून खूश व्हायचा.

मोठी घुबडं त्या गावात आधी नव्हती. ती डोंगरापलीकडच्या रानातली. मधल्या उघड्या माळावर कुणी झाडं लावली, झाडं वाढली, आणि त्यांच्या आडोशाने घुबडं हळूहळू गावापर्यंत आली. उंदीर कमी झाले तसे लोक म्हणाले, बरं झालं. मग खारी दिसेनाशा झाल्या. मग पिंगळे. पिंगळा म्हणजे घुबडाच्याच कुळातला मूठभर जीव. पण मोठ्या भाऊबंदाने धाकट्याला गिळावं, हे काही माणसांतच चालतं असं नाही.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई त्याच्याकडे आल्या. "पिंगळ्यांना लपायला लाकडी पेट्या हव्यात, दादा. भोक लहान ठेवा, मोठं घुबड आत शिरायला नको. पेटी खोल करा. आणि बाहेर दांडी लावू नका."

"बरं, बाई."

बाई वळल्या तसा तो बायकोला म्हणाला, "दांडी नको म्हणे! मग पाखराने टेकायचं कुठे, हवेत? यांचं सगळं पुस्तकात."

त्याने सागवानाच्या गोल दांड्या काढल्या, टोकाला बोंडं कोरली आणि प्रत्येक भोकाखाली एकेक पक्की ठोकली. पेट्या पाहून बाई थबकल्या. "दांडी?"

"असू द्या हो. शोभा येते."

त्याने मजुरी घेतली नव्हती. बाई संकोचल्या, आणि पेट्या तशाच शाळेतल्या झाडांवर लागल्या.

एक पेटी त्याने अक्काच्या अंगणातल्या झाडावर बांधली. अक्का त्याची थोरली बहीण. अर्धं अंग लुळं पडल्यापासून ती दिवसभर चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसायची. पेटीत पिंगळ्यांची जोडी आली, मग पिल्लं झाली, आणि अक्काला तोंड उघडायला कारण मिळालं. "काय गं भांडकुदळे, नवऱ्याला आत घेत नाहीस होय?" असं ती मादीला दटावायची. भावाला म्हणायची, "तू मला माणसं आणून दिलीस रे."

एका संध्याकाळी तो अक्काकडे चहा पीत बसला होता. पिल्लं भोकाशी गर्दी करून ओरडत होती. तेवढ्यात काहीही आवाज न होता एक मोठी सावली झाडावर उतरली. घुबड दांडीवर बसलं. ऐटीत, खुर्चीवर बसावं तसं. एका पायाने त्याने दांडी धरली आणि दुसरा पाय भोकात घातला. सुतार ओरडत धावला, पण तोवर घुबडाने एक पिल्लू ओढून नेलं होतं. दुसरं अर्धवट बाहेर लोंबत होतं, ते खाली पडून मेलं. दांडी मात्र जराही हलली नव्हती. काम पक्कं होतं.

अक्का रडली. मग तीच त्याची समजूत घालू लागली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. एवढं देखणं घर दिलंस. त्या मेल्या घुबडाचीच नियत खोटी."

"हो ना," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. घरी येऊन देवापुढे बसला, पण त्याला हात जोडवेनात. बायकोने विचारलं, तर म्हणाला, डोकं दुखतंय. पुढे रोज अक्काकडे जाताना तो मान खाली घालून जायचा. पेटीत अजून एक पिल्लू उरलं होतं. दांडी कापायला हवी हे त्याला कळत होतं. पण कापली की का कापली ते सांगावं लागणार, म्हणून करवत पिशवीतच राहायची.

मग अक्कानेच वखारीच्या वॉचमनला बोलावून घेतलं. तो छर्ऱ्याची बंदूक घेऊन आला. "कुठे बसतं ते सांगा अक्का, आज निकालच लावतो."

"हा माझा भाऊ दाखवेल," अक्का म्हणाली. "त्याचाही जीव तुटलाय."

सुतार पुढे झाला. "मारू नका त्याला," तो म्हणाला.

"का? तुमचा पाव्हणा आहे का?" वॉचमन हसला.

"त्याला बसायला जागा मी दिली. ती दांडी नसती तर त्याचा पाय आत पोचला नसता. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. मी हौसेने लावली."

"अरे देवा! फिनिशिंग नडलं म्हणायचं, दादा!" वॉचमनला हसू आवरेना. अक्का हसली नाही.

"बाईंनी आधी सांगितलं होतं?"

"हो."

"आणि त्या संध्याकाळपासून तुला माहीत होतं? मी घुबडाला शिव्या देत होते, तेव्हाही?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"एक पिल्लू अजून आत आहे," अक्का म्हणाली. "आणि तू रोज इथे येऊन चहा पीत होतास."

तो शिडी लावून चढला. पिंगळीने त्याच्या डोक्यावर झेप घेतली, कानाला नख लागलं. त्याने तिला हाकललं नाही. दांडी मुळाशी कापली, उरलेला खुंट कानशीने घासून पार सपाट केला. आत पिल्लू फिसकारलं. जिवंत होतं.

तो खाली आला तेव्हा वॉचमन निघून गेला होता.

"माझी खुर्ची खिडकीपासून आत घे," अक्का म्हणाली. "आणि आज बसू नकोस."

त्याने खुर्ची आत नेली. मग शिडी खांद्यावर घेतली आणि शाळेच्या वाटेला लागला. तिथेही पेट्या होत्या. शाळा सुटायची वेळ होती. फाटकात बाई असणार, पोरं असणार, आणि त्या सगळ्यांसमोर त्याला हेच परत सांगायचं होतं.