गोळी घशाखाली उतरेपर्यंत

"आडवं होऊन दाखवा." दम लागतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला ताईंचं पहिलं वाक्य हेच. अंबरनाथ पूर्वेला आमच्या चाळीच्या त्या आशा सेविका. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. ती येताना दिसली की आपण दार लोटून घेतो. मीही घ्यायचो.

मी जवळच्या कॅम्प तीन वस्तीत जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. ताप, कोरडा खोकला, उजव्या कुशीत कळ, सगळं कापडाच्या धुळीवर ढकलत होतो. ताईंनी एकदा गाठलंच आणि मला पलंगावर आडवं केलं. मिनिटभरात दम कोंडला आणि मी धडपडत उठून बसलो.

"चला एक्सरेला," म्हणाल्या आणि मला शेअर रिक्षात कोंबलं.

छातीत पाणी निघालं. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून ते काढलं, तपासलं. टीबी होता. बायकोने घाबरून माझं पिण्याचं पाणीच तोडलं. ताक आणि केळी तर घरातून हद्दपार.

ताई हसल्या. "वहिनी, प्यायलेलं पाणी तिकडे जात नाही. ते फुफ्फुसाच्या बाहेर साचलं टीबीमुळे. सुईने दम गेला, टीबी जाईल गोळ्यांनी. सहा महिने."

मग रोज सकाळी ताई दारात. गोळ्या घशाखाली उतरेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. लघवी लाल झाली तेव्हा मी बोंब ठोकली. "गोळ्यांचा रंग आहे तो, टेन्शन घेऊ नका," एवढंच म्हणाल्या.

दोन महिन्यांत मी ठणठणीत. गरज सरो, वैद्य मरो! एका सकाळी मी सरळ सांगितलं, "ताई, झालो बरा. बस आता गोळ्या." वर दिमाखात पलंगावर आडवा होऊन दाखवलं.

त्या चिडल्या नाहीत. "आमचे मालकही असेच मस्त झोपायला लागले होते," म्हणाल्या. "मी गोळ्या हातात द्यायचे आणि कामाला पळायचे. ते गेल्यावर गादीखाली सापडल्या, दादा."

मी उठून पेला घेतला. मला फार लाज वाटली.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर दोन पावलं मागे सरकल्या. "माझ्या कसल्या पडता, वहिनींच्या पडा. तुमची चिडचिड त्यांनी सोसली." आज मी श्वास घेतोय तो या बाईंमुळे, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या सकाळी त्याच वेळी मी उगाच दार उघडून उभा राहिलो. समोरच्या चाळीत, एका दारापाशी ताईंची पाठ दिसली. जोरात हाक मारावीशी वाटली. पण आत कुणीतरी नुकताच पेला तोंडाला लावला होता, आणि ताई त्याच्याकडे बघत होत्या.