दिवसा सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट

दत्तोपंतांचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत तोच भूगोल मराठीतून शिकवायची वेळ आली, तेव्हा मास्तर पोरांच्या फक्त एक पान पुढं असायचे. हसू नका, निम्म्या शाळा तेव्हा अशाच चालल्या.

जावा बेटाचा धडा वाचता वाचता त्यांना तिथल्या पिटुकल्या हरणाची गोष्ट सापडली. मगरीनं पाय धरला, तर ते म्हणतं, "पाय कुठला, काठी धरलीस तू!" मगर पाय सोडते आणि हरीण पसार. मास्तर खुळावलेच. आफ्रिकेतला ससा, विलायतेतला खोकड, सगळे एकाच तालमीतले! त्यांनी वही केली आणि मुलुखामुलुखातले लबाड प्राणी शेजारी शेजारी मांडले. आपल्या कोल्ह्याचं पान तेवढं कोरं होतं.

करमाडच्या वच्छलाबाईंकडं कोल्ह्याच्या पोतंभर गोष्टी आहेत, असं कळलं. एका रविवारी मास्तर आगगाडीनं तिथं गेले. बाईंच्या लेकीचं लग्न परवावर आलेलं. मांडवात बसून बाई डाळ निवडत होत्या.

"सांगते की. पर दिवस मावळू द्या, गुरुजी. दिवसा गोष्ट सांगितली की पोरांचा मामा वाट चुकतो."

दिवस मावळायच्या आत मास्तरांची परतीची गाडी होती. शिवाय असल्या समजुतींचं त्यांना हसू यायचं.

"मामा कुठनं येणार आहे?"

"अजिंठ्याकडनं. कडूबा, माझा एकच भाऊ. धा वर्सं अबोला व्हता. आता येतो म्हनलाय, पोरीच्या पाठीशी उभा राहाया."

"मग तो कसला चुकतोय? माहेरचा रस्ता तुम्हाला झोपेत पाठ, त्याला नसेल?"

बाई हसल्या. भाऊ येणार या आनंदात त्यांनी सांगून टाकलं. कोल्हा नदीत उतरला, मगरीनं पाय धरला, तर गडी म्हणाला, "येडे, बाभळीची मुळी धरलीस!" मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी बाईंनाही सांगून टाकलं, जावा आणि करमाड, दोन मुलखांत एकच गोष्ट! गाडीत ते वही छातीशी धरून बसले होते.

लग्नाच्या दिवशी मामा आलाच नाही. मुहूर्त टळू नये म्हणून नवरीच्या मागं चुलता उभा केला. तिसऱ्या दिवशी निरोप आला. वळवाच्या पावसानं गिरजा नदी फुगली होती, नेहमीचा उतार सोडून कडूबा भलतीकडून उतरला आणि वाहून गेला.

बातमी कानावर आली तसे पुढच्या रविवारी मास्तर गेले ते मेल्याहून मेल्यासारखे. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "गुरुजी, त्या दुसऱ्या मुलखात दिवसा गोष्टी सांगत्यात का वो?"

त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, म्हणून मास्तर घाईनं म्हणाले, "सर्रास सांगतात, वच्छलाबाई. कुणाचा मामा वाट चुकत नाही."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मंग माझ्याच पोरीचा कसा चुकला?"

जगभरच्या गोष्टी जुळवणारे मास्तर खाली बसले आणि बाईंच्या आधी तेच रडू लागले.