एका हातानं बोललेलं

आमच्या गल्लीतल्या मावशी बोलण्याआधी हातातलं खाली ठेवत. उलथनं असो, घागर असो, नाहीतर कुणाचं रडकं पोर असो, आधी ते नीट खाली टेकवायचं, पदराला हात पुसायचे आणि मग तोंड उघडायचं. तोंडाबरोबर दोन्ही हातही चालू व्हायचे. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "मावशी, मला ऐकू येतं हो. हात कशाला दमवता?"

"सवय हाय, सायब. एका हातानं बोललेलं अर्धंच कळतंय."

ही सवय लेकामुळं लागलेली. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. आमची जळकोटची गल्ली हायवेला लागून. ट्रकांच्या आवाजात धडधाकट कानाच्या माणसालाही समोरच्याचं ऐकू येत नाही, त्यामुळं मायलेकांच्या खुणा हळूहळू सगळ्या गल्लीनंच उचलल्या. रस्त्यापलीकडून कुणी अंगठा ओठाशी नेला की चहाचं बोलावणं, तळहात गालाला लावला की घरातलं माणूस झोपलंय, नंतर या. त्या पोरानं गल्लीतल्या प्रत्येकाला एकेक खूणही देऊन टाकली होती. माझी खूण म्हणजे चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधणारा माणूस. ही खूण मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

मावशी ढाब्यांना कडक भाकरी पुरवत. लेक पुण्याला कपडे शिवायच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून रोज संध्याकाळी पिठाच्या डब्याला फोन टेकवून त्यांचा व्हिडिओ कॉल चाले. फोन हातात धरून बोलणाऱ्यांची त्यांना कीव यायची.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पुढचा सगळा घोळ माझा आहे. मी तुळजापूरला बँकेत. बँकेतल्या माणसाला मोबाइलमधलं सगळं कळतं असा गल्लीचा समज होता, आणि तो खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. त्याच्या हातात फोन देताना जपून.

मावशींच्या घरात चित्र मध्येच अडकायचं. वर गेलेला हात तसाच राहायचा आणि वाक्य लटकायचं. मी म्हणालो, "कंपनी बदला. नंबर तोच राहतो, नेट धो धो येतं." बाजाराच्या दिवशी एका कंपनीची छत्री लागली होती. मावशींना तिथं नेलं आणि भरात येऊन माझाही नंबर बदलून टाकला.

चार दिवसांनी नवीन सिम सुरू झालं. मी ऐटीत त्यांच्या फोनवर फोन लावला. आवाज खणखणीत. "घ्या मावशी! कसा ऐकू येतोय?"

"ऐकू येतंय की. आन् त्वांड कुठं हाय?"

तोंड नव्हतं. नेटच नव्हतं. माझ्याही फोनवर नव्हतं, पण ते मी लगेच सांगितलं नाही.

मग माझे उपाय सुरू झाले. फोन बंद करून चालू केला. सिम काढून शर्टाला पुसलं, जसं काही त्याला पिठाचा हात लागला होता. पाण्याच्या टाकीवर चढून दोन्ही हातांत दोन फोन धरून उभा राहिलो. खालून मावशी ओरडल्या, "उतरा सायब! टावरला ववाळायलात का?" कंपनीला फोन लावला तर आधी गाणं ऐकवलं, मग एका मुलीनं गोड आवाजात सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेस पॉइंट तपासायला सांगितलं. "ते केव्हाच तपासलंय," असं मी ठणकावलं आणि फोन ठेवला. तो कुठं असतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, व्हिडिओ लागेना म्हणून, मावशींच्या फोनवर लेकाचा साधा फोन आला. मावशींनी तो कानाला लावला. काही बोलल्या नाहीत, बोलून उपयोगच नव्हता. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशिनीचा आवाज यायलाय. म्हंजी कामावर हाय." तिकडून फोन बंद झाला तरी त्यांनी कानापासून काढला नाही. एरवी कुणापुढं डोळ्यांत पाणी न आणणारी बाई, पण त्या दिवशी मलाच बघवेना.

तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. कारखान्यातली एक मुलगी लेकाला पसंत होती. तिलाही ऐकू येत नव्हतं. शेवटच्या कॉलमध्ये त्यानं आईला विचारलं होतं, करू का लगीन? मावशी म्हणाल्या होत्या, उद्या सांगते. आणि तो उद्या मी नव्या सिममध्ये कोंडून ठेवला.

"त्याला वाटंल आईनं रागानं फोन बंद केला," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मेसेज पाठवतो. साधा मेसेज जातो. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"लिहिलेल्यात माझं त्वांड दिसतंय का? मनापासनं म्हन्ली का दातओठ खाऊन म्हन्ली, त्याला कसं कळंल?"

"मग शेजारच्यांच्या फोनवरून बोला."

"त्यांच्या अंगनात? फोन घरी कोन नेऊ देतंय? आक्ख्या गल्लीला खुणा येत्यात, सायब. माझं घरातलं बोलनं चावडीवर व्हईल."

शेजाऱ्याच्या फोनवरचं नेट आपल्या फोनवर उसनं घेता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कृपा करून बँकेत कुणाला सांगू नका.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि सेटिंगमधलं दिसेल ते बटण दाबत सुटलो. दाबता दाबता 'ॲक्सेस पॉइंट' लिहिलेल्या एका कप्प्यात जुन्या कंपनीचं नाव दिसलं. आम्ही घर बदललं होतं, पण फोन अजून जुन्याच दारावर थापा मारत होता. ते नाव कसं पुसायचं ते काही कळेना. खाली एक 'रीसेट' होतं. म्हटलं, बिघडून बिघडून आणखी काय बिघडणार? दाबलं. फोन क्षणभर गप्प झाला आणि मग अडकून पडलेले सगळे मेसेज टणाटण येऊन पडले. मी मोठ्यानं म्हणालो, "बघा, अंदाज होताच माझा." मावशींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि दार लावलं.

मी बाहेर बसून राहिलो. आतून बोलण्याचा आवाज येणार नव्हताच. फक्त बांगड्या वाजत होत्या. मध्येच थांबायच्या, की माझाही जीव थांबायचा. मग पुन्हा वाजायच्या.

दार उघडून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. हात मांडीवर गप्प पडलेले. "म्या त्याला इच्यारलं," त्या म्हणाल्या, "तुमा दोघास्नीबी ऐकू येत न्हाई. लेकरू रात्री रडलं तर उठंल कोन?"

"मग?"

"त्यो म्हनला, तू."

एवढं बोलून त्या हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकदम. मीही डोळे पुसायला चष्मा कपाळावर चढवला आणि मग तो सापडेना. मावशींनीच बोट दाखवलं.

लग्न झालं. यथावकाश लेकरू झालं, आणि त्याला ऐकू येतं असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात मावशी भाकरीची परात शेजारणीच्या हवाली करून पुण्याला गेल्या. "ज्या घरात ऐकनारं लेकरू हाय, तिथं बोलनारं मानूस नगं का?" एवढंच म्हणाल्या. दाराला कुलूप लागलं. दोन्ही हातांनी माझ्याशी बोलणारं आता कुणी राहिलं नाही, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलो की गल्ली उगाच रिकामी वाटते.

परवा त्यांचा कॉल आला. पडद्यावर आधी बाळ, मागं मावशी, बाजूला लेक.

"बोला सायब, कायबी बोला. सकाळपासनं माझाच आवाज ऐकून लेकरू कटाळलंय."

आयुष्यभर मी न विचारता बोलत आलो. आता बोला म्हटल्यावर काही सुचेना. मग समोर दिसत होतं तेच सांगायला लागलो. बाळा, तुझ्या आजीच्या ओट्यावर शेळी बसलीय. बाभळीखाली उसाचा ट्रक उभा आहे. ड्रायव्हर चहा पितोय.

बाळानं मान वळवली. आवाज कुठून येतोय ते शोधत फोनकडं बघितलं आणि टक लावली. लेक माझ्याकडं बघतच नव्हता, तो बाळाची वळलेली मान बघत होता. त्यानं दारात जाऊन आतल्या खोलीतल्या बायकोला हात हलवून बोलावलं, तिला बाळाकडं बोट दाखवलं. मग माझ्याकडं वळून त्यानं एक खूण केली. ही मला येत नव्हती. मी मावशींकडं पाहिलं.

"आनखी, म्हनतोय," त्या म्हणाल्या.

आजवर मला पुरे म्हणणारेच भेटले होते. मी घसा साफ केला आणि बोलत राहिलो.