घाटात गाडीला पाजलेली रम

अकोल्याच्या याकूब मिस्त्रींचं नाव आधी लिहितो. त्यांनी हात लावला नसता तर ती गाडी मे महिन्यात घाट चढली नसती, आणि एक पोरगी आज जगात नसती.

मी लान्सनायक ड्रायव्हर, जावळीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. पोस्टिंग अमरावतीला, एनसीसीच्या युनिटमध्ये. घर लांब, बोली वेगळी, आणि ऊन असं की दुपारी स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागे. आपल्या हातून काही चुकेल, ही धास्ती कायम. माझे सीनियर हवालदार वानखडे अकोटचे. ते म्हणायचे, "घाबरून काहून राहिला बे? गाडी तुले खाते काय?"

त्यांनी स्वतःसाठी एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली होती. सपाटीवर छान पळे. चढ लागला की तापे आणि दम सोडे. एका रविवारी आम्ही ती अकोल्याला मिस्त्रींच्या गॅरेजात नेली.

"टर्बोतून हवा गरम होऊन जाते," मिस्त्री म्हणाले. "तिच्यात पाण्याचा बारीक फवारा सोडू. हवा थंड झाली का गाडी दम धरते."

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. फवारणी पंपांचा दुकानदार रिकामा बसलेला. त्याच्याकडून मिस्त्रींनी कोरं नोझल आणलं. वापरलेल्यात औषध राहतं. टर्बोच्या पुढच्या पाइपात ते बसवलं, काच धुवायची छोटी मोटर जोडली, डॅशबोर्डवर स्विच दिला आणि सीटमागे कॉक लावलेली पाण्याची टाकी.

"स्पिरिट टाकलं तर अजून जोर येते म्हणतात," वानखडे म्हणाले.

"येते. माप चुकलं तर इंजिन आतून ठोकते. तुमी पाणीच टाकजा. आन् गाडी बंद करायच्या आधी हा कॉक बंद. इंजिनात पाणी साचलं तर मले नका बोलावू, भंगारवाल्याले बोलवा."

मे महिन्यात चिखलदऱ्याला मुलींचा कॅम्प लागला. पहाटे पीटी, मग ड्रिल, दुपारी क्लास. तिसऱ्या दिवशी युनिटच्या ट्रकची क्लचप्लेट जळाली. म्हणून रेशन आणायला आम्ही वानखड्यांची गाडी घेऊन खाली परतवाड्याला उतरलो. डिकीत कॅन्टीनच्या रमच्या चार बाटल्याही होत्या. सुभेदार साहेब रिटायर होणार होते, त्यांच्या निरोपाच्या जेवणासाठी, बडा खान्यासाठी.

दुपारी कॅम्पातून सोबत घेतलेला वायरलेस सेट बोलला.

"कॅम्प टू मोबाइल वन. कॅडेटला साप चावला. इथल्या दवाखान्यात सिरम नाही. खाली आणायला गाडी नाही. श्वास जड झालाय. डॉक्टर आणि सिरम घेऊन या. ओव्हर."

"मोबाइल वन. रॉजर. आऊट."

परतवाड्याच्या दवाखान्यातून डॉक्टर आणि सिरम घेतलं, रेशन तिथंच उतरवलं. घाटाला लागताच मी स्विच दाबला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढू लागली. अर्ध्यात रेडिएटरचा पाइप फुटला. वानखड्यांनी तो फडक्यानं आणि तारेनं बांधला. सोबतच्या कॅनमधलं सगळं पाणी रेडिएटरनं घेतलं, आणि तोवर फवाऱ्याची टाकीही कोरडी पडली होती. ओढे आटलेले. पुढच्याच चढाला काटा पुन्हा लालकडे सरकला.

डॉक्टरांनी विचारलं, "किती राहिलं?"

"अर्धा घाट, सर," मी म्हणालो.

वानखड्यांनी डिकी उघडली आणि बाटलीचं सील तोडलं.

"उस्ताद, बडा खाना..."

"ओत. पाणी आन् स्पिरिट, सरकारनं मापूनच देल्लं हाये."

तीन बाटल्या टाकीत गेल्या. गाडीनं जोर धरला. एकदा इंजिन ठोकलं, तेव्हा मी पाय सैल केला. मागं रमचा वास सोडत आम्ही वर पोचलो. कॉक बंद केला, मगच चावी फिरवली. डॉक्टर पळत तंबूत गेले.

संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले. बडनेऱ्याहून तिचे वडील आले, रेल्वेत होते. ते माझा हात धरून उभे राहिले.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "वानखडे, रम?"

वानखडे सावधान. "साहेब, गाडी प्यायली."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. "मग उद्या हिला परेडला उभी करू नका." उरलेली एक बाटली साहेबांपुढे ठेवली, बडा खान्याला आम्ही लिंबू सरबत प्यालो.

रमच्या चिकट्यानं नोझल तुंबलं. पुढच्या रविवारी अकोला. मिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि दोन पावलं मागं सरले.

"हवालदार, आपण याले शिवत नाही."

वानखड्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"पोरगी बरी हाये?"

"बरी हाये."

"मंग बसा, चाय घ्या. पन टाकी तुमी धुवा. सात डाव. मंग मी हात लावतो."

आम्ही दोघं वर्दीच्या बाह्या सारून नळाखाली बसलो. मिस्त्री बाकावरून मोजत होते. पाचव्याला वानखडे म्हणाले, "झाले ना सात?" मिस्त्री म्हणाले, "फौजेत गिनती शिकवत नाही काय?"

वानखडे पुढं आपल्या पलटणीत, काश्मीरला गेले. फौजेच्या गाड्यांआधी रस्ता तपासून मोकळा करणाऱ्या पार्टीत ते पहिल्या गाडीत होते. सुरुंग फुटला. त्यांना अकोटला आणलं तेव्हा सलामीच्या तुकडीत मी होतो. लोकांच्या मागच्या रांगेत याकूब मिस्त्री हात बांधून उभे दिसले. मी नजर समोर ठेवली.

आता मी रिटायर होऊन नांदगाव पेठेत एका गिरणीच्या गेटवर वॉचमन असतो. घर अजून लांबच आहे. वानखडे वहिनींनी गाडी विकली नाही. मिस्त्री अधूनमधून अकोटला जाऊन ती चालू करून येतात. गुडघे दुखतात, तरी जातात. इतक्या वर्षांत त्यांनी तो घाट एकदाही पाहिलेला नाही. गॅरेज सोडून कधी जाणार? एकदा वहिनींकडून चावी मागून घेईन, मिस्त्रींना पुढच्या सीटवर बसवीन आणि वानखड्यांची गाडी कशी चढते ते त्यांना दाखवीन. एवढं माझ्याकडून व्हायचं आहे, ते मी करणार.