शर्यतीच्या कुंपणाआत, हिरव्या झेंडीवर बसून

नागपूरहून रायपूरला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "मोटारसायकलींची शर्यत पाहायला एवढ्या लांब कशाला? आपल्या चौकात रोज असते." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी सरळ गाडी पकडली. डोंगरगड येईपर्यंत अख्ख्या डब्याला माहीत झालं होतं की मला या शर्यतीचं थेट आतलं बोलावणं आहे. खरं बोलावणं माझ्या भाऊजींना होतं, आणि तेही झेंडी दाखवायला.

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, रेल्वेत गार्ड होते. उभी हयात त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. निवृत्त झाल्यावर ते झेंडी दाखवल्याशिवाय घरातला कुकरही उतरू देत नसत, असं ताई सांगते. (वाढवून सांगायचा गुण आम्हा भावंडांना एकाच आईकडून आला आहे.) शेवटी वैतागून तिनेच त्यांना शर्यतीच्या स्वयंसेवकांत ढकललं.

शनिवारी सराव होता. भाऊजी आत मोठ्या उडीजवळच्या चौकीवर, मी कुंपणाबाहेर. मैदानात ट्रकांनी माती ओतून डोंगर उभे केले होते. त्यातला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे मोठी उडी, ती तर इतकी उंच, की वर गेलेल्या स्वारानं रायपूरबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची धुराडी मोजावी, घरी फोन लावावा आणि मग सावकाश खाली यावं.

झेंड्यांचा नियम सोपा आहे. शर्यत सुटण्याआधी प्रत्येक चौकीनं हिरवी दाखवायची, म्हणजे आमच्याकडचा रस्ता मोकळा. गाड्या सुटल्या की हिरवी गुंडाळून ठेवायची. कोणी पडला तर पिवळी हलवायची. मग मागच्यांनी वेग कमी करायचा, उडी घ्यायची नाही.

सरावातली पहिली गाडी समोरून गेली आणि भाऊजींचा हात वर झाला. हातात हिरवी. दुसरी गाडी, पुन्हा हिरवी. कोपर ताठ, चेहरा गंभीर, जशी काही शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी चालली आहे आणि तिला 'सगळं ठीक'चा इशारा द्यायचा आहे.

गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेल्या मुख्य मार्शल (सगळ्या झेंडीवाल्यांच्या प्रमुख) मॅडम तरातरा आल्या. "अंकल, ये मालगाड़ी नहीं है. उधर कोई गिरा पड़ा हो और आपने हरी दिखा दी, तो पीछे वाला सीधा उसके ऊपर उतरेगा. कल गाड़ियाँ छूटने के बाद एक बार भी दिखी, तो आप पार्किंग में."

आणि रविवारी ताईनं सगळ्या रेल्वे कॉलनीला शर्यतीला बोलावून ठेवलं होतं.

संध्याकाळी भाऊजी ताटाशी नुसते बसून राहिले. "मले सगळं समजते," ते म्हणाले. "या हाताले समजत नाही. गाडी समोरून गेली का तो उठते."

"मग हात बांधून टाका," ताई म्हणाली.

"तू काहून हसून राहिला बे?" ते माझ्यावर घसरले. "उद्या तूच चल. चौकीवर एक मदतनीस लागते, माझा येऊन नाही राहिला. गाड्या सुटल्या का हिरवी माझ्यापासून घे. मग म्या मांगितली तरी देऊ नको."

अशा रीतीनं मी आत शिरलो. सकाळी ताईनं केलेला फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) टमाट्याच्या चटणीसोबत हादडला, नारिंगी जाकीट चढवलं आणि दाराशी कोणी न विचारताच पास दाखवला.

आतलं जग वेगळंच. शामियान्याखाली गाड्या नवरीसारख्या सजत होत्या. एक मेकॅनिक दात घासायच्या ब्रशनं साखळी घासत होता. इतकं चकचकीत काही मी दंतवैद्याकडेही पाहिलेलं नाही. टँकर मातीवर पाणी मारत फिरत होता आणि स्वार पायी चालत सगळा मार्ग तपासत होते. बारा नंबरचा कोल्हापूरचा पोरगा आमच्या चौकीपाशी थांबला, बुटानं माती दाबून पाहिली, उडीवर चढून उतरला.

"काका," तो भाऊजींना म्हणाला, "गाडीवर बसल्यावर उडीच्या पलीकडचं काय बी दिसत न्हाई बघा. तुमची झेंडी तेवढी दिसती."

"हव," भाऊजी म्हणाले. हव म्हणजे हो. पण तो 'हव' मला फार बारीक ऐकू आला.

सुरुवातीला आम्ही हिरवी दाखवली. गाड्या सुटल्या, मी झेंडी काढून घेतली आणि गुंडाळून वाळूच्या पोत्यावर ठेवून तिच्यावर बसलो. दांडी टोचत होती. आवाज असा, की माझ्या दोन दाढांमधली फट बुजली. प्रत्येक गाडीबरोबर भाऊजींचा रिकामा उजवा हात माझ्याकडे यायचा, चाचपडायचा, परत जायचा. मी हललो नाही.

मग बारा नंबर वर गेला आणि वाकडा उतरला. गाडी घसरून त्याच्या पायावर पडली. मागून इंजिनं गर्जत चढावाकडे येत होती.

भाऊजींचा हात पुन्हा माझ्या बाजूला आला. मी पोत्याला घट्ट धरलं. "भाऊजी, पिवळी," मी ओरडलो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. हात अर्ध्यावर थांबला. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं. आणि पिवळी उचलली.

ती त्यांनी अशी फिरवली की वारा सुटला. चढावावर आलेल्या गाड्या एकामागून एक मंदावल्या, उडीवरून नुसत्या घरंगळत आल्या आणि पडलेल्याला वळसा घालून गेल्या. इतर मार्शल धावले, गाडी उचलली. पोरगा उभा राहिला.

मॅडमचा आवाज वॉकीटॉकीवर आला, "बड़े जंप वाले, बढ़िया." कॉलनी कुंपणाशी टाळ्या वाजवत होती, पण ती तर भाऊजी पाणी पितानाही वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी ते मला स्टेशनवर सोडायला आले. "गार्डाच्या डब्यातून पुढचं काही दिसत नाही," गाडीची वाट पाहता पाहता म्हणाले. "गाडी काहून थांबली, कोण आडवं आलं, वाचलं का नाही, मागून कळते. कधी कळत बी नाही. काल तो पोट्टा माह्यासमोर उठला. कपडे झटकले. म्या पाह्यलं."

घरी परतल्यापासून मी ही हकिगत ज्याला त्याला सांगतो आहे. उडी दर वेळी थोडी उंच होते, आवाज वाढतो, परवा तर माझ्या तोंडून चार टँकर निघाले. पोरगा उठून कपडे झटकतो, तिथे मात्र मी काही घालत नाही. तो जसा उठला तसाच उठतो.